टोपलीतली पांढरी अळंबी

फार जुनी गोष्ट. रानाला लागून असलेल्या एका गावात शेजारी-शेजारी दोन जावा राहायच्या. उन्हाळ्यात धाकटीच्या कोंबड्या मोठीच्या वाळत घातलेल्या पापडांवर नाचल्या, तेव्हापासून दोघींचा अबोला होता. तोंडं दोन दिशांना, अंगण मात्र एकच.

मोठीला अळंबी ओळखता यायची. पावसाळ्यात सगळं गाव टोपल्या घेऊन तिच्या दारी यायचं. ती एकेक अळंबी उलटी करून बघायची आणि सांगायची, "ही खा, ही फेक." धाकटी समुद्राकाठची. तिला मासळी कळायची, रान कळत नव्हतं.

एका सकाळी धाकटी रानातून टोपलीभर अळंबी घेऊन आली. पांढरीशुभ्र, बघत राहावं अशी. मोठी पायरीवर भाजी निवडत बसली होती. टोपली समोरून गेली आणि तिला दिसलं: टोपीखालच्या चुण्या पांढऱ्या, देठाला घागऱ्यासारखी झालर, बुडाशी फुटक्या अंड्यासारखी वाटी. वारुळावरच्या खायच्या अळंबीला अशी वाटी नसते. ही जीव घेणारी होती.

धाकटी क्षणभर थांबलीसुद्धा. मोठीने मान खाली घातली. मनात म्हणाली, 'विचारू दे की तोंडाने! मी का आपणहून सांगू?'

धाकटी घरात गेली.

दुपारी तीच धाकटी वाटी घेऊन मोठीच्या दारात उभी. "जाऊबाई, पुरे झाला आता अबोला. पहिली वाटी तुम्हाला. पोरांनाही अजून वाढलं नाही."

मोठी ताडकन उठली. "टाकून दे ती! विषारी आहे!"

"काहीतरीच! लसूण घालून शिजवली. लसूण काळा नाही पडला."

"लसणाला काय कळतंय, बये! बुडाला वाटी होती तिच्या. मी बघितली."

"कधी बघितलीत?"

"सकाळी. टोपलीत."

धाकटी हसायलाच लागली. "म्हणजे राग गेला नाही अजून! खरंच विषारी असती तर तुम्ही सकाळीच ओरडला असतात. पापडांवरून का कुणी माणसाला मरू देतं?"

आणि तिने वाटी तोंडाला लावली. मोठीने हात धरेपर्यंत निम्मी संपली होती. मग मोठी धावली आणि शेजारच्या चुलीवरचं पातेलं तिने लाथेने उलथं केलं. पोरं भुकेने रडली, पण वाचली.

संध्याकाळी धाकटी ठणठणीत. "बघा, मेले का मी?" रात्री उलट्या-जुलाब लागले. मग एक दिवस बरं वाटलं, उठून बसली, पेज प्याली. मोठीने देवापुढे दिवा लावला. पण हे विष असंच फसवतं. वरून माणूस हसतो आणि आत काळीज नासत असतं. डोळे पिवळे झाले, वैद्याने हात टेकले, धाकटी गेली.

गाव मोठीला म्हणालं, "तुम्ही होतात म्हणून पोरं तरी वाचली. केवढी ती पारख!"

मोठीने ऐकून घेतलं. सकाळचं कुणाला सांगितलं नाही. पोरं आता तिच्याच घरी जेवतात आणि तिला आई म्हणतात.

तात्पर्य काय, तर: रानातली अळंबी जाणत्याने बुडापासून पाहिल्याशिवाय चुलीवर चढवू नये. आणि जाणत्याने वाट बघत बसू नये. 'मला विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही' हे उत्तर मेलेल्या माणसाला देता येत नाही.