तीनदा सडलेली

फार वर्षं झाली. वैनगंगेच्या काठी कोहळटोल्यात कौतिका नावाची नटी होती. ती राणी व्हायची आणि राणीची वाक्यंही स्वतःच लिहायची. ती रडली की माळावरचे बैल रवंथ थांबवायचे, असं म्हणतात.

तिच्या नाटक मंडळीचे मालक झगडूजी कापडाचे व्यापारी, माल ओळखणारा माणूस. तिचं पहिलं नाटक वाचून, खरं तर चाळून, ते म्हणाले, "बाई, माल अस्सल आहे. पण नाव माझं टाकू. बाईनं लिहिलेलं पाहायला कोण येते?"

"तुमची मर्जी, शेठजी."

पहिला अंक संपला की लेखकाला शाल द्यायची तिकडची रीत. नऊ वर्षं झगडूजींनी शाल घेतली. त्यांच्या खांद्यावर घालायची कौतिकाच.

दहाव्या वर्षी राणी म्हणाली, "मी तीनदा सडलेली आहे, महाराज. आता देवाच्या नैवेद्यालाही चालेन." बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मग शाल झाली, आणि पुढे बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "का जी शेठ, सडलेली म्हंजे कसं जी?"

"कुजलेली," झगडूजी म्हणाले. "दुःखानं माणूस कुजते ना, आजी."

"अन् कुजलेलं देवाला वाढता का जी तुमच्या घरी?"

बायकांत हशा पिकला. तांदूळ कांडून पांढरा करणं म्हणजे सडणं. हातसडीचा भात झगडूजी रोज खात. पण वाक्य दुसऱ्याचं, ऐनवेळी सुचावं कसं?

कौतिका पुढे झाली. "शेठजी थट्टा करतात, आजी," म्हणाली आणि अर्थ सांगितला. तिनं झाकून घेतलं, हेच त्यांना झोंबलं. तरी शाल त्यांनी खांद्यावरून काढली नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या ताटातल्या भाताला कुजका वास येऊ लागला, असं म्हणतात. तांदूळ बदलला, आचारी बदलला. नाक तेच.

शेवटी ते निघाले. जिथे जिथे शाल घेतली, त्या प्रत्येक गावच्या बाजारात टोपी काढून म्हणायचे, "ते मी लिहिलं नाही. कौतिकानं लिहिलं." वाटलं होतं, लोक शिव्या देतील. लोकांनी पाणी दिलं. म्हणाले, "ठाऊक होतं जी आमाले." मान आणखीच खाली गेली.

परतले तेव्हा कौतिकाला जाऊन तेरा दिवस झाले होते. तिच्यासमोर म्हणायचं राहिलं ते राहिलंच. भाताचा वासही गेला नाही, असं म्हणतात.

म्हणून कोहळटोल्यात आजही पहिल्या अंकानंतर लेखक टोपी काढून म्हणतो, "हे मी लिहिलं नाही." मगच पडदा उठतो. एका वर्षी शाळेच्या मास्तरांनी नाटक खरोखरच स्वतः लिहिलं होतं. ते अडून बसले. बायकांकडून आवाज आला, "म्हणा जी मास्तर, तोंड झिजते का?"

मास्तरांनी टोपी काढली.