रथाची अडलेली चाकी

खूप वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणजीच्याही पणजीच्या आधी, एका डोंगरावर एक गाव होतं. बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, नीट सरसावून बसा, कारण आज रथ निघायचा आहे!

त्या गावात एक देवी होती. नदीपलीकडच्या गावात तिची धाकटी बहीण होती. दोघी बहिणी वर्षातून एकदाच भेटायच्या. थोरलीची मूर्ती कच्च्या मातीची. धक्का बसला की तडा गेलाच म्हणून समजा. म्हणून जुन्या कारागिरांनी रथाखाली पोलादी पट्ट्यांची कमान बसवली होती. चाक खड्ड्यात गेलं की कमान दबायची, पुन्हा वर यायची, आणि वर देवीच्या नाकातली नथसुद्धा हलायची नाही.

नियम एकच. दिवेलागणीच्या आत रथाने नदी ओलांडायची. नाही जमलं, तर भेट पुढच्या वर्षी.

गावच्या लोहाराला एक सून होती. तिचं माहेर नदीपलीकडे. तीही वर्षातून एकदाच, रथाच्या मागोमाग, आईला भेटायची. मागच्या भेटीत आई म्हणाली होती, "बये, तुझं तोंड आता धुक्यातून दिसतं गं. पुढच्या वर्षी नुसता आवाजच ऐकीन बहुतेक."

ते शब्द सुनेच्या काळजात रुतून बसले. तिने व्रत धरलं, धाकट्या देवीपुढे आईच्या डोळ्यांसाठी एकशे एक वाती लावायचं. रथाला एकशे एक दिवस उरले, तेव्हापासून रोज चूल सारवून झाली की कापूस घेऊन बसायची आणि एकच लांब, घट्ट वात वळायची.

अखेर तो दिवस उजाडला! ढोल घुमू लागले. बैलांची शिंगं रंगली. सुनेने वातींची पुरचुंडी कमरेला खोचली, आणि तेवढ्यात रथाखालून सासऱ्यांची हाक आली.

"थांबवा! कमानीची पट्टी चिरलीय!"

नवी कमान घडवून तयारच होती. जुनी काढायची, नवी बसवायची, घटकाभराचं काम. पण कमान ज्या आट्यांच्या लोखंडी खुंट्यावर आवळली होती, त्याच्या टोकाची सहा कोपऱ्यांची चाकी, तुम्ही जिला आज नट म्हणता ती, काही केल्या फिरेना.

त्या चाकीला गाव 'रथाची नाभी' म्हणायचं. रथ निघण्याआधी बायका तिच्यावर दूध, दही, नारळाचं पाणी घालायच्या, वरून शेंदूर थापायच्या. आजीने घातलं, आईने घातलं, लेकीने घातलं. थरावर थर चढला होता.

तालमीचा वस्ताद पाच पहिलवान घेऊन आला.

"लोहारमामा, व्हा बाजूला. हे हातातल्या लोखंडाचं काम नाही, हे दंडातल्या लोखंडाचं काम."

हाताला आला तो भलामोठा पाना त्याने चाकीला लावला. पाना ढिला होता, पण माप बघायला कुणाला वेळ होता! "हय्या!" म्हणून सगळ्यांनी ओढलं. पाना सटकला, वस्ताद मागच्या मागे हारांच्या टोपलीत जाऊन बसला. पुन्हा ओढलं, पुन्हा सटकला. दुपार झाली तेव्हा चाकीचे सहाही कोपरे घासून सुपारीसारखे गोल झाले होते. आता पाना धरणार तरी कशाला?

"घण आणा!" वस्ताद गरजला.

"अरे, खुंटा मोडला तर नवा घडवायला पंधरा दिवस लागतील," म्हातारा लोहार मटकन खाली बसला.

सुनेच्या मनात आलं, घाला एकदाचा घाव, काय व्हायचं ते होऊ दे! आई उंबऱ्यात बसली असेल. पण तिने डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि म्हणाली, "मामंजी, मी बघू?"

वस्ताद हसला. "वहिनी, ही भाकरी नव्हे उलटायला."

"भाकरीसुद्धा, भाऊजी, तव्याला चिकटली तर ओढायची नसते. ओढली की फाटते."

ती रथाखाली शिरली. विळ्याच्या टोकाने शेंदूर खरवडू लागली. केशरी थर गेला, आणि त्याखाली तांबडा भुगा पडू लागला.

"मामंजी, हा शेंदूर नव्हे. हा गंज. आपणच पाजलेल्या दुधापाण्याचा."

बायकांत कुजबुज झाली. पाटलीणबाई फणकारल्या, "म्हणजे काय, आमची पूजा चुकली?"

"पूजा नाही चुकली, आत्याबाई. जागा चुकली. दूध देवीला द्यावं. लोखंडाला हवं तेल."

तिने तिळाचं तेल कोमट करायला सांगितलं. पण तेल गोल चाकीवर ठरेना, घरंगळून खाली पडे. सुनेचा हात कमरेला गेला. पुरचुंडी! तिने त्यातल्या निम्म्या वाती तेलात बुडवल्या आणि एकेक करून चाकीच्या मुळाशी घट्ट गुंडाळल्या.

"अगं, व्रताच्या वाती त्या!"

"रथच नाही निघाला, तर त्या लावायच्या कुठे?"

आता थांबायचं होतं. अहो, ढोल थांबले, पहिलवान येरझाऱ्या घालू लागले, ऊन उतरू लागलं, आणि इकडे वातींतून तेल थेंबथेंब आत झिरपत होतं. तेवढ्यात सुनेच्या सांगण्यावरून सासऱ्यांनी कानस घेतली आणि चाकीच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून सपाट केल्या, अगदी नेमका लहान पाना बसेल इतक्या. मग वाती काढून, भट्टीत तापवलेलं लालबुंद लोखंडी कडं चिमट्याने चाकीभोवती धरलं. चाकी तापली, फुगली. कडं काढून पुन्हा तेल सोडलं. चर्र झालं, धूर निघाला.

सुनेने पाना लावला. तो घट्ट बसला! तिने ओढलं.

चाकी जागची हलली नाही.

सूर्य मावळायला कासराभरच उरला होता. सुनेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेव्हा रथाचा म्हातारा बैल बोलला. हो, त्या काळी बोलायचे बैल, पण कामापुरतंच.

"पोरी, माझ्या मानेवरचं जोत सोडतेस, तेव्हा गाठ एकदम ओढतेस का?"

"नाही रे. आधी जरा आवळते. मग ती सैल पडते."

"मग?" म्हणाला बैल, आणि रवंथ करू लागला.

सुनेने डोळे पुसले. तिने पाना सोडवायच्या दिशेने नाही, आवळायच्या दिशेने फिरवला.

"अगं, उलटं फिरवतेस!" सासरे ओरडले.

"मुद्दाम, मामंजी. केसभरच."

कट्ट!

साऱ्या गावाने तो आवाज ऐकला. गंजाची पकड मोडली होती. सून केसभर पुढे, केसभर मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे पाना हलवत राहिली, मध्ये तेल सोडत राहिली, आणि चाकी फिरली! पाव फेरा, अर्धा फेरा, आणि हातात आली!

काय तो जल्लोष! वस्तादाने स्वतःच्या खांद्यावरून नवी कमान आणली. नवी चाकी चढली. ढोल कडाडले, बैल दौडले, गाव मागे धावलं. चाकं दगडांवरून उड्या मारत होती आणि वर देवी शांत बसली होती. पलीकडच्या काठावर पाय लागले, तेव्हा घराघरांत बायका काडवात हातात घेऊनच उभ्या होत्या. दिवे लागायचे तेवढे बाकी होते!

दोघी देवी भेटल्या. सून देवळात आली. पुरचुंडीत निम्म्याच वाती उरल्या होत्या. ती काही बोलायच्या आत कुणीतरी तिचा हात धरला.

"तुझ्या हाताला लोखंडाचा वास कसा गं?" आई म्हणत होती. तिच्या ओटीत कापसाच्या वातींचा ढीग होता. "दिसत नाही, म्हणून बोटांनीच वळत बसले वर्षभर. मोजल्या नाहीत मेल्या."

मायलेकींनी सगळ्या वाती लावल्या. एकशे एक झाल्या, वर कितीतरी उरल्या. देऊळ उजळून गेलं. आईने लेकीचं तोंड ज्योतींजवळ ओढलं, बराच वेळ न्याहाळलं आणि खुदकन हसली.

"अगं, नाकाला काजळी लागलीय तुझ्या!"

तेव्हापासून त्या गावात दूध देवीला मिळतं, आणि दर पुनवेला वस्ताद स्वतः रथाच्या चाकीला तेलाची वात गुंडाळतो, हळुवार, बाळाला बाळसं धरायला तेल लावावं तसं.

तात्पर्य: जे अडलंय त्याच्याशी झुंजू नये, ते का अडलं हे प्रेमाने पाहून धीराने हात घातला, की ते सुटतं.