पाठीवर झेललेल्या गारा

नीळानंद महाराज वेळूखेडला राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या वळणावर दत्ताचे लहानसे देऊळ आणि त्याला लागून महाराजांची गवताने शाकारलेली कुटी. त्या काळी मागे परस नाही असे घर गावात शोधूनही सापडत नसे. फाल्गुनात थंडी सरली की बायका बियांची गाडगी बाहेर काढीत. राखेत घोळलेले दोडक्याचे, कारल्याचे बी एकमेकींच्या पदरात घालीत. ओल्या मातीचा आणि शेणखताचा वास साऱ्या आळीभर दरवळे. ते परस गेले, तो वासही गेला! भाविकांच्या ओठी ही गोष्ट मात्र राहिली.

त्या आळीत तान्हूबाई नावाची एक विधवा राहत असे. पतीने लावलेला मोगरा, चार वेल आणि महाराजांवरची श्रद्धा, एवढाच तिचा संसार. मोगऱ्याची पहिली ओंजळ ती दरवर्षी दत्ताच्या पादुकांवर वाही. पण त्या वर्षी तिची गाय गेली, खत राहिले नाही आणि मोगरा पिवळा पडू लागला. शेवटी ती शेजारच्या धोंडोपंतांकडे गेली. पंतांच्या बागेसारखी बाग पंचक्रोशीत नव्हती, आणि त्यांच्यासारखा ताठाही.

"पंत, दोन पाट्या शेणखत द्या हो. मोगरा यांच्या हातचा आहे. तो गेला तर माझं काय उरलं?"

पंत हसले. "रोज ज्यांच्या पाया पडतेस, त्या महाराजांनाच माग की! बघू, नामस्मरणानं वेल कसे वाढतात ते!"

तान्हूबाई रडतच कुटीत आली. महाराजांनी सगळे ऐकून घेतले आणि पाटी उचलली. देवळामागे वर्षानुवर्षांच्या निर्माल्याची काळीभोर माती झाली होती. ती पाटीत भरून, डोक्यावर घेऊन महाराज पंतांच्या दारावरून निघाले.

"वा! आता संत उकिरडेही वाहू लागले!" पंत ओसरीवरून ओरडले.

महाराज नुसते हसले. तान्हूबाईच्या परसात बसून त्यांनी स्वतः मोगऱ्याला आळे केले. "बुंध्याला चिकटवून घालू नकोस, माय. थोडं दूर पसर. भुकेल्याला वाढावं, कोंबू नये." मग झाडावरून हात फिरवून महाराज म्हणाले, "आता याची काळजी आमची."

चैत्र लागला. मोगऱ्याला नवी पालवी फुटली, कळ्या धरल्या. एके दुपारी महाराज कुटीत निरूपण करीत असता आभाळ एकाएकी काळवंडले आणि सुपारीएवढ्या गारा कोसळू लागल्या.

"महाराज, माझा मोगरा!" म्हणत तान्हूबाई दाराकडे धावली.

"बस, माय," महाराज म्हणाले.

एवढे बोलून ते पुढे वाकले. तान्ह्या लेकरावर आईने पाखर घालावी तसे दोन्ही हात जमिनीला टेकून ते ओणवे झाले. बाहेर गारांचा तडाखा वाढला की त्यांचे अंग शहारे आणि मुखातून "दत्त, दत्त" असा उद्गार निघे. कोणाला काही कळेना.

गारा थांबल्या. धोंडोपंत बागेत आले तो काय, केळी फाटल्या होत्या, वेल चिखलात लोळत होते! त्यांनी कुंपणापलीकडे पाहिले. तान्हूबाईच्या परसात गारांचा पांढरा खच पडला होता, पण एक पान फाटले नव्हते, एक कळी गळली नव्हती. पंत तसेच कुटीकडे धावले.

"तान्हूबाई, झाडांवर काय पांघरलं होतंस तू?"

"मी तर इथंच होते, पंत."

तेवढ्यात एका शिष्याने महाराजांच्या पाठीवरचे उपरणे काढले. साऱ्या पाठीवर लालनिळे वळ उठले होते. डोक्यावर छप्पर असताना केसांत गारा वितळत होत्या!

पंत उंबऱ्यातच थबकले. महाराजांनीच मान वळवून विचारले, "पंत, बाग गेली ना हो तुमची? फार वाईट झालं. या, बसा."

त्या शब्दांनी पंत पार ढासळले. "महाराज, मी हिला पाटीभर खत दिलं नाही, आणि तुम्ही माझ्या बागेसाठी हळहळता!"

तान्हूबाई डोळे पुसत म्हणाली, "पंत, माझ्याकडं दोडक्याची रोपं दाट उगवलीत. सांजच्याला घेऊन जा. अजून लावणीचे दिवस आहेत."

धोंडोपंतांनी महाराजांच्या पायांवर मस्तक ठेवले. मग उठून ते तान्हूबाईसमोरही वाकले. ती संकोचून मागे सरली, तरी पंत कितीतरी वेळ तसेच हात जोडून वाकलेले राहिले.