खो दिल्यावर बसायचं

एका जंगलात एक तरणा गवा राहत असे. अंगाने दांडगा, मनाने भाबडा, पण राग मात्र कायम नाकावर. मुलांनो, त्याच्या शाळेत हल्ली रोज मारामारी व्हायची, कारण मुख्याध्यापक अस्वलाने खेळाचा तास गणिताला देऊन टाकला होता. दिवसभर बसून पोरांचे पाय नुसते शिवशिवत आणि शाळा सुटली रे सुटली, की शिंगाला शिंग भिडे. शेवटी अस्वलाने गव्याच्या आईला बोलावून बजावले, की आणखी एक भांडण झाले तर याचे नाव पटावरून कमी होईल. ती माउली रडतच घरी गेली. गव्याला त्या दिवशी गवत गोड लागले नाही. राग यावा असे त्याला थोडेच वाटे? तो आपोआप येई.

मग म्हाताऱ्या वानरगुरुजींनी हट्ट धरून खेळाचा तास महिनाभरासाठी परत मिळवला आणि खो-खोचे मैदान आखले. पहिल्याच दिवशी गव्याने असा काही खो दिला, की ससा कोलांट्या खात थेट खांबापाशी पोचला! गुरुजी रागावले नाहीत. "पाठीला नुसते टेकायचे, खो म्हणायचे आणि त्याच्या जागी बसायचे," एवढेच ते रोज सांगत. गवा धावे, धापा टाके, खो देई आणि बसे. काय मजा येई म्हणून सांगू! घरी गेल्यावर आईला खेळाच्या गमती सांगता सांगताच त्याचा डोळा लागे.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. पाणवठ्यावर बसलेल्या चितळाने सगळ्यांदेखत गव्याच्या आईच्या रडण्याची नक्कल केली. गव्याचे डोळे लाल झाले. शिंगे खाली घालून तो मागून सुसाट निघाला, आणि अस्वल तर समोरच उभे! शिंगे चितळाच्या पाठीत घुसणार, इतक्यात त्याचे पाय आवरले, कपाळ हलकेच पाठीला टेकले आणि तोंडातून निघाले, "खो!" चितळ सवयीने उठून धूम पळाले. गवा मुकाट्याने त्याच्या जागी बसला. सारा पाणवठा हसून लोटपोट झाला. चितळ ओशाळून परत आले आणि त्याने गव्याची माफी मागितली.

"मारायलाच निघाला होतास ना रे?" अस्वलाने विचारले.

"हो गुरुजी, राग खूप आला होता," गवा म्हणाला, "पण खो दिल्यावर बसावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून खेळाचा तास कायमचा झाला. मैदानात अस्वल स्वतः रांगेत बसले होते, फक्त तोंड चुकीच्या बाजूला करून.

तात्पर्य : अंगातला जोर खेळात लागला, की राग आवरण्याची सवयही तिथेच लागते.