थोरलीचा जोर, धाकटीचा श्वास

फार मागं, आपल्या पणज्यांच्याही आठवणीपलीकडे, उगवतीच्या समुद्रात बेटांचं एक राज्य होतं. त्या राज्यात विजेच्या तारेखालून गाड्या धावत. लहानथोरांनो, हळूहळू सांगतो. गोष्ट दुःखाची आहे, आणि दुःखाला घाई सोसत नाही.

राजाच्या नगरात हिरव्या रंगाची एक लांबलचक गाडी होती. तिथले लोक डब्यांना गाडीच्या लेकी म्हणत. अगदी पुढच्या आणि अगदी मागच्या लेकीला तेवढं तोंड असे. काचेचं कपाळ, दिव्यांचे डोळे, आत गाडीवानाची बसायची जागा. मधल्या लेकींना तोंड नसे. दोन्ही अंगांनी बहिणींना जोडलेल्या त्या, त्यांना तोंडाचं काम काय?

त्या मधल्यांत एक थोरली होती, आणि तिला जोडून एक धाकटी. थोरलीच्या टपावर लोखंडी हात होता. तो वर करून ती तारेतली वीज घेई. धाकटीच्या पोटाखाली भाता होता. त्यात हवा भरे, आणि त्या हवेवर दारं मिटत, ब्रेक लागत, ब्रेक सुटत. थोरलीची वीज मधल्या कडीतून धाकटीकडे जाई, धाकटीची हवा त्याच वाटेनं थोरलीकडे येई. जन्मल्यापासून दोघी एक दिवसही सुट्या झाल्या नव्हत्या. म्हणून आपलं स्वतःचं काय आणि बहिणीकडून आलेलं काय, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

सगळी उमर त्यांनी नगरात काढली. सकाळी माणसं कामाला पोचवायची, सांजेला पेंगत्या माना घरी आणायच्या. मग नव्या गाड्या आल्या. अंगानं हलक्या, वीज कमी खाणाऱ्या. हिरव्या गाडीच्या लेकी एकेक करून भट्टीकडे गेल्या. तोंडवाल्यासुद्धा गेल्या. या दोघी तेवढ्या राहिल्या, कारण दूरच्या एका डोंगरवाटेला दोन डब्यांची गाडी हवी होती.

मग कारागिरांनी दोघींना एकेक तोंड बसवलं. थोरलीचं समुद्राकडे, धाकटीचं डोंगराकडे. पाठीला पाठ. तेव्हापासून एकीला सदा लाटा दिसत, दुसरीला सदा शिखर. एकमेकींचं तोंड मात्र दोघींनी कधी पाहिलं नाही.

ती वाट खालच्या कोळ्यांच्या गावातून निघे आणि खिंडीखालच्या गावात संपे. गाडीवान होता एकच, म्हातारा, हातात पांढरे मोजे घालणारा. त्याच्या धंद्याची रीत अशी की सिग्नल दिसला की त्याकडे बोट करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "सिग्नल मोकळा!" गाडीत ऐकायला कुणी असो वा नसो.

पाठीवर मासळीची टोपली घेऊन रोज वर जाणारी एक आजी होती. ती हसायची. "दादा, बोट कुणाला दाखवतोस? पळून चाललाय का तो?"

"आजी, एकटा डोळा फसतो. बोट आणि तोंड सोबतीला असलं की फसत नाही."

आजीची मासळी हे निमित्त होतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. तिची एकुलती लेक वरच्या गावात दिली होती. सासरी तिच्याशी धड बोलणारं कुणी नव्हतं. दुपारी दोघी मायलेकी फलाटावरच्या बाकावर बसत, भाताचे मुटके खात, आणि उतरत्या गाडीनं आई परत जाई.

"आई, रोज कशाला येतेस गं? गुडघे बघ तुझे."

"मग मासळी काय आपल्या पायांनी वर येणार आहे?"

असं चाललं होतं. पण तोंड आलं की मानही हवासा वाटतो. खालची पोरं थोरलीला हात करत. वरच्या बायका धाकटीच्या कपाळाला रानफुलं अडकवत. हळूहळू दोघींत कुरबुर लागली.

"चढताना पुढं मी असते," धाकटी म्हणे. "वाट मी कापते. तू आपली मागं लोंबकळतेस."

"आणि उतरताना पुढं कोण? मी! तेव्हा तू काय करतेस? झोपा काढतेस!"

टोपली खाली ठेवत आजी म्हणाली, "बायांनो, बिनतोंडाच्या होतात तेव्हा गुण्यागोविंदानं राहिलात. तोंड फुटलं आणि भांडण सुचलं, होय?"

गाडीतली माणसं हसली. दोघी बहिणी हसल्या नाहीत.

त्या राज्यात एक रिवाज होता. ज्या गाडीनं इमानानं उमर काढली, तिच्या लेकींना राजा एकेक मागणं मागू देई, आणि दिलेला शब्द मोडत नसे. एका शरद ऋतूत राजा त्या वाटेवर आला. त्यानं दोघींना हार घातले आणि म्हणाला, "मागा."

थोरली म्हणाली, "महाराज, मला हिच्यापासून मोकळी करा. मी एकटी धावेन."

धाकटी म्हणाली, "माझंही तेच मागणं."

किती दिवसांनी दोघींचं एकमत झालं, आणि झालं ते वेगळं होण्यावर.

गाडीवानानं हात जोडले. "महाराज, रुसव्यातलं बोलणं आहे. मनावर घेऊ नका."

"रुसवा एकीचा असता तर मी समजूत काढली असती," राजा म्हणाला. "पण दोघी एकच मागतात."

आजी पुढं आली. "राजा, माझ्या लेकीकडे जायला एवढी एकच वाट आहे रे."

"आजी, काळजी कसली? एकीच्या जागी आता दोन गाड्या होतील!"

आजीलाही ते पटलं. आनंदात तिनं राजाला दोन बांगडे देऊ केले.

कडी काढली गेली. राजाच्या वाफेच्या इंजिनानं धाकटीला ओढून वरच्या गावात नेऊन उभं केलं आणि ते राजाबरोबर निघून गेलं. थोरली समुद्रापाशी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवान थोरलीत चढला. तिनं हात वर केला, तार धरली. दिवे लागले, अंगात जोर आला. आजी टोपली घेऊन बसली. गाडीवानानं बोट केलं, "सिग्नल मोकळा!"

थोरली जागची हलली नाही. चाकांवर ब्रेक दातखीळ बसल्यासारखे बसले होते. ते सोडवायला हवा नव्हती. दारं उघडी ती उघडीच.

"चल गं बाई," आजी म्हणाली. "लेक वाट बघत असेल."

वरच्या गावात धाकटीचंही तेच. भाता होता, पण तो हलवायला वीज नव्हती. हात नव्हता, तार डोक्यावरून नुसतीच गेलेली. ती अंधारात उभी होती.

तेव्हा दोघींना कळलं. एकीचा जोर आणि दुसरीचा श्वास, यांची मिळून एक गाडी होती.

राजाकडे माणूस धाडला, पण इंजिन यायच्या आतच कडा कोसळला आणि मधले रूळ दरीत गेले. मागोमाग बर्फ पडलं. वसंतात अंमलदार आले, म्हणाले, "जिथं गाडी नाही तिथं तार कशाला?" आणि तार गुंडाळून घेऊन गेले. गाडीवानाला दूरच्या बेटावर पाठवलं. जाताना त्यानं थोरलीच्या अंगावरून हात फिरवला.

आजीनं पायवाटेनं जाऊन पाहिलं. पहिल्याच वळणावर गुडघ्यांनी दगा दिला. मग ती रोज सकाळी रिकामी टोपली घेऊन थोरलीत येऊन बसू लागली. उन्हाळ्यात वर जाणाऱ्या एखाद्या वाटसरूजवळ निरोप देई, "म्हणावं, आई बरी आहे." वर लेकीला सासरची माणसं खाली उतरू देत नसत; तीही रोज दुपारी धाकटीत येऊन बसते, असं परतणारे वाटसरू थोरलीपाशी सांगत. भाताचे मुटके दोन आणी, एक खाई आणि एक पदराखाली झाकून ठेवी.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी आजी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग शेजारीण आली, आजीची बाकावर राहून गेलेली टोपली उचलली, डोळे पुसले आणि म्हणाली, "सुटली बिचारी."

थोरलीनं ते ऐकलं. तिनं जीव एकवटून हाक मारली, "धाकटे! अगं, तुझ्याजवळ बसलीय तिला सांग!" पण मधे कडी नव्हती, तार नव्हती, रूळसुद्धा नव्हते. पायवाटही बर्फानं मिटली होती.

वर, धाकटीच्या पोटात बसून ती लेक काचेवरचं दव पुसत होती आणि खालच्या वाटेकडे बघत होती. धाकटीला ती वाट दिसतही नव्हती. तिचं तोंड शिखराकडे होतं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जोडीनं चाललेली वाट एकट्याच्या बळावर चालली, असं कधी समजू नये.