चांगुणेचे बी

डोंगराच्या कुशीत, भातखाचरांच्या एका गावात हैबती नावाचा शेतकरी राहत होता. त्याची बायको चांगुणा वारली, त्याला काही वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. घरात तिचे म्हणावे असे थोडेच उरले होते. एक लुगडे, एक विळा आणि भाताच्या बियाण्याचे एक मडके. लग्न होऊन आली तेव्हा ते बी तिने माहेराहून आणले होते. उशिरा पिकणारे, उंच वाढणारे आणि शिजताना पार रस्त्यापर्यंत वास जाणारे ते भात होते. हैबती दरवर्षी तेच पेरी. कापणी-झोडणी झाली की खळ्यावरच्या राशीतले थोडे भात राखेत घोळवून त्याच मडक्यात भरी, वर फडके बांधी.

हवामान मात्र पूर्वीचे राहिले नव्हते. पाऊस उशिरा येई, धो धो कोसळे आणि दसऱ्याच्या कितीतरी आधी पाठ फिरवी. मग आश्विनात वैशाखासारखे ऊन तापे. हैबतीचे भात नेमके तेव्हाच निसवत असे. लोंब्या बाहेर पडत, पण उन्हाच्या झळांनी फुलोरा करपे आणि दाण्यात दूधच भरत नसे. गावातल्या इतरांनी वाऱ्याचा रोख ओळखला. त्यांनी लवकर पिकणारे हळवे भात आणले. विहिरीच्या पाण्यावर रोपे आधीच तयार ठेवली, बांध उंच केले, पाणी अडवले. हैबतीलाही त्यांनी बी देऊ केले. तो हात जोडून नको म्हणे. दुसरे बी त्या मडक्यात घालायला त्याचे मन घेत नसे.

भरलेली लोंबी वाकते आणि पोकळ लोंबी ताठ राहते. हैबतीचे खाचर वर्षागणिक ताठ दिसू लागले. हळवे भात लावणारा गावातला शिरपा एकदा पारावर म्हणाला, "तात्या, तुमचं भात फार मानी हो. कुणापुढं वाकत नाही." बसलेले सगळे हसले. हैबतीही कसनुसा हसला. घरी येऊन त्याने मडक्यावरचे फडके उगाच सोडले आणि पुन्हा बांधले.

एका वर्षी उन्हाने कहर केला. मडक्यात होते नव्हते तेवढे बी हैबतीने पेरले होते आणि आता सगळे शेत पिवळेफटक, ताठ उभे होते. त्याने एक लोंबी हातावर चोळून फुंकली. हातावर काही उरले नाही. खायला नाही ते एक वेळ सोसले असते. पण पेरायलाही उरणार नव्हते. चांगुणेचे बी आता संपणार होते, आणि ते आपल्या हातून संपणार, हे त्याला सहन होईना. त्याने बैल सोडले आणि त्यांना चरायला घालावे म्हणून खाचराकडे वळवले.

शेजारची ठकूबाई बांधावरून चालली होती. ती आणि चांगुणा जन्मभर एकमेकींच्या लावणीला जात असत. तिने बैल पाहिले आणि थांबली.

"उभ्या पिकात गुरं घालतोस, हैबती?"

"पीक कुठं राहिलंय, आक्का? चांगुणेचं बी होतं, ते गेलं."

"चांगुणेचं?" ठकूबाई म्हणाली. "खळ्यावर हाताला येईल ते उचलून भरतोस, ते तुझं बी. तिनं राशीतलं बी कधी ठेवलं नाही."

मग तिने सांगितले. कापणीच्या आधी चांगुणा एकटीच खाचरात शिरे आणि ओच्यात लोंब्या खुडून आणी. बी तेवढ्यातलेच ठेवी. पाऊस लवकर गेला त्या साली ती आधी भरलेल्या लोंब्या वेची. वाऱ्याने शेत लोळवले त्या साली उभी राहिलेली ताटे हुडकी. माहेराहून आणलेले भात पुरुषभर उंच होते. ती गेली तेव्हा ते छातीला लागत होते. हैबतीच्या ते कधी ध्यानातच आले नव्हते.

त्याला आठवले. विळे घेऊन माणसे बांधावर खोळंबलेली असत आणि ही आपली आत हळूहळू फिरत असे. तो ओरडे, "अगं, फुलं वेचतेस की काय?" ती मान वर न करता म्हणे, "आले, आले."

"तू बी जपलंस, बाबा," ठकूबाई म्हणाली. "तिचं काम तेवढं राहून गेलं."

हैबतीने बैल झाडाला बांधले आणि खाचरात शिरला. वरून पाहता सगळे पोकळ दिसत होते. पण वाकलेली लोंबी ताठ लोंब्यांच्या खाली दडलेली असते. ती दिसायला माणसालाच वाकावे लागते. तो ओणवा होऊन एकेक ताट बाजूला सारत राहिला. इथे एक सापडली, पार पलीकडच्या कोपऱ्यात दोन. उन्हे तापायच्या आधीच निसवून त्या भरल्या होत्या. दिवस मावळला तेव्हा त्याच्या धोतराच्या सोग्यात जेमतेम ओंजळभर लोंब्या होत्या. घरी जाताना तो सोगा त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

पुढच्या वर्षी हैबतीने शिरपाकडूनच हळवे बी मागून घेतले आणि मोठ्या खाचरांत तेच लावले. बांध उंच केले, रोपेही आधी टाकली. फक्त विहिरीजवळच्या लहानशा खाचरात आपले ओंजळभर बी लावले. त्यातलेही सगळे भरले नाही. पण बरेचसे वाकले.

कापणीच्या दिवशी माणसे विळे घेऊन बांधावर उभी राहिली. हैबती एकटाच त्या लहान खाचरात वाकून फिरत होता. शिरपाने हाक मारली, "तात्या, ऊन चढलं की. फुलं वेचताय काय?"

हैबतीने मान वर केली नाही.

"आलो, आलो," तो म्हणाला.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची वस्तू जशीच्या तशी धरून ठेवल्याने ती टिकतेच असे नाही, काळ बदलला की त्या माणसाने जे केले असते ते आपण करावे, तेच त्याला जपणे होय.