धुऊन आणलेले पाय

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ही फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा घाटातून मीठ बैलांच्या पाठीवरून जात असे आणि बैलांच्या मागे माणसं अनवाणी चालत असत.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव प्रभू ख्रिस्ताला मानणारं. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हे गावाने लक्षात ठेवलं होतं. म्हणून वर्षातून एकदा, त्याच दिवशी, गावातला एक माणूस प्रार्थनाघरात बारा जणांचे पाय धूत असे. कोणी धुवायचे ते म्हातारे पाळकबाबा ठरवत.

हळूहळू तो मोठा मान झाला. ज्याला मिळे, त्याला वर्षभर सगळे वाट देत. आणि ते बारा जण घरूनच पाय घासूनपुसून येत. मळके पाय चारचौघांत पुढे करायचे कसे?

त्या गावात एक तांबट होता. हाताचा मोठा कसबी. पाय धुवायचं तांब्याचं घंगाळ त्यानेच घडवलं होतं, आणि चिंचेने घासून लखलखीत ठेवायचाही तोच. पण तीन वर्षं मान गेला काटेमावशीकडे.

काटेमावशी म्हणजे धर्मशाळेत राहणारी एक विधवा. मीठवाल्यांच्या पायांतले काटे काढायची, भेगांत कोकमतेल भरायची. म्हणून हे नाव.

तांबटाला ते सहन होईना. हातोडीच्या प्रत्येक घावाला तो मनात म्हणे, "घंगाळ माझं, मान तिचा!" कोणी तिचं नाव काढलं की त्याचा घास कडू होई.

एक दिवस मावशी आपला एकुलता एक हंडा घेऊन त्याच्याकडे आली. "दादा, बुडाला गळतोय. एवढा डाग द्या. पाणी तापवायला दुसरं काही नाही माझ्याकडे."

"ठेव तिथे. उद्या बघतो."

ती पुन्हा आली. तांबट पुन्हा म्हणाला, "उद्या." डाग द्यायला घटकाभरही लागली नसती. पण हंडा दोन महिने कोपऱ्यात पडून राहिला, आणि येता-जाता त्याच्याकडे बघून तांबटाला बरं वाटत राहिलं.

मग तो पाळकबाबांकडे गेला. "बाबा, घंगाळ घडवणारा मी आणि पाय धुवायला दरवेळी तीच? तिच्या हातांना काय सोनं लागलंय?"

पाळकबाबा म्हणाले, "बरं. यंदा तू धू."

तो दिवस आला. तांबटाने बारा जणांचे पाय धुतले. एकाच्या पायांना तर अत्तराचा वास येत होता. घंगाळातलं पाणी जसं ओतलं तसंच निवळ राहिलं. तांबट मात्र सारखा मान वर करून गर्दीत कोणाला तरी शोधत होता.

शेवटी न राहवून त्याने विचारलं, "काटेमावशी कुठे आहे?"

"धर्मशाळेत," मागून एक आजी म्हणाली. "सकाळीच मिठाचा तांडा उतरलाय. तुझा थाट बघायला तिला कुठली सवड?"

तांबटाचा आनंद तिथेच विरला. जिने बघावं म्हणून सारं केलं, तिनेच पाहिलं नव्हतं. घंगाळ उचलून तो तसाच निघाला, तिला दाखवायला.

धर्मशाळेच्या ओट्यावर दहा-बारा मीठवाले पाय पसरून बसले होते. त्यांच्या भेगांत मीठ शिरलं होतं. मावशी भाताच्या लहानशा पातेल्यात पाणी तापवत होती. एक पाय धुतला की पाणी संपे. एक म्हातारा ओठ चावून आपल्या पाळीची वाट बघत होता.

मावशीने मान वर केली आणि तिचा चेहरा खुलला. "दादा, घंगाळ आणलंत? बाई गं, बरं झालं! मी यांना म्हणतच होते, आमचे तांबटदादा येतील काहीतरी घेऊन. कामाचा माणूस, हंड्याचं विसरला असेल."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तांबटाला वाटलं.

त्याने घंगाळ भरलं आणि चुलीवर ठेवलं. त्याचं लखलखीत बूड बघता बघता काळं झालं. मग घंगाळ उतरवून तो म्हाताऱ्यापुढे गुडघ्यांवर बसला. म्हाताऱ्याने पाय मागे ओढला. "नको मालक, फार घाण आहेत."

"असू द्या," तांबट म्हणाला. पाणी आधी मातकट झालं, मग तांबूस. त्याने मान खाली घालूनच म्हटलं, "मावशी, मी विसरलो नव्हतो."

मावशीने त्याच्या हाती चिमटा दिला. "हा काटा खोल गेलाय. सावकाश काढा."

दिवस मावळायच्या आत तांबटाने हंड्याला डाग देऊन आणला. घंगाळ मात्र धर्मशाळेतच राहिलं. पुढच्या वर्षी पाळकबाबांनी सगळ्या गावालाच तिथे बोलावलं, आणि त्या वर्षी कोणीही घरून पाय धुऊन आलं नव्हतं.

तांबटाच्या मनातला मत्सर अधूनमधून डोकं वर काढीच. तसं झालं की तो उठून धर्मशाळेत जाई आणि कोणाचा तरी पाय मांडीवर घेऊन बसे.

प्रभूच्या मागे चालायचं असेल त्याने मानाची जागा शोधू नये, दुखणारा पाय शोधावा.